स्टेजवरचं मँडोलिन: कमी पैशात काय बघावं

वाद्यांच्या दुकानात शिरलेला माणूस चार मँडोलिनं वाजवून बघतो आणि ज्याचा आवाज कानाला गोड लागतो ते उचलतो. घरी किंवा बैठकीत वाजवायचं असेल तर एवढं पुरेसं आहे. स्टेजसाठी मात्र ही पद्धत अर्धीच कामाची. नाट्यगृहात पंधराव्या रांगेत बसलेल्या श्रोत्याला लाकडाचा आवाज ऐकूच येत नाही. पिकअपने पकडलेला, केबलमधून मिक्सरपर्यंत गेलेला, साउंडवाल्याच्या बोटांखालून सुटलेला आणि शेवटी स्पीकरच्या कागदी कोनातून बाहेर पडलेला आवाज तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. या प्रवासात महागड्या लाकडाचं बरंचसं वैशिष्ट्य गळून जातं, आणि स्वस्त वाद्याचे काही दोष चक्क उपयोगी पडतात. इलेक्ट्रो-अकूस्टिक मँडोलिन घेताना खिसा हलका असेल, तर ही गोष्ट आपल्या बाजूची आहे.

मँडोलिन आपल्याला ओळखीचं झालं ते हिंदी चित्रपटसंगीतातून. सज्जाद हुसेन संगीतकार म्हणून जितके नावाजले गेले, तितकाच त्यांच्या मँडोलिनचा दबदबा होता; रागसंगीत या वाद्यावर वाजवून दाखवणारे ते मोठे वादक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिनवादक म्हणूनच स्टुडिओत जात. त्या काळी वादकासमोर माइक असे, आजूबाजूला शांतता असे आणि कुणाचा आवाज कुणावर चढू नये हे बघायला ध्वनिमुद्रक बसलेला असे. आज त्याच गाण्यांचा कार्यक्रम गणेशोत्सवाच्या मांडवात करायचा तर उजवीकडे ऑक्टोपॅड, डावीकडे ढोलकी, मागे बेस गिटार आणि पायाशी मॉनिटर. इथे माइकसमोर मँडोलिन धरून बसलं तर माइकमध्ये ढोलकी जास्त आणि मँडोलिन कमी जाणार.

वाद्याची घडणच तशी आहे. आठ तारा, चार जोड्या, आणि स्वर व्हायोलिनचे: खालून १९६, २९४, ४४० आणि ६५९ हर्ट्झ, म्हणजे प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमात. दांडीच्या टोकाच्या नटपासून पेटीवरच्या घोडीपर्यंत तारेची लांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर. त्या आखूड तारांवरचा एकत्रित ताण मात्र ७० ते ८० किलोंच्या घरात जातो. तार छेडली की स्वर टोकदार येतो आणि लगेच विझतो. म्हणून तर नखी भराभर वरखाली चालवून स्वर तेवत ठेवायचा, ज्याला ट्रेमोलो म्हणतात, तो या वाद्याचा प्राण झाला. छोटी पेटी, तिच्यावरची पातळ पाटी म्हणजे तबलीही छोटी. खोलीत हा आवाज धारदार वाटतो, पण ढोलकीची थाप पडली की पुसला जातो.

या अडचणीवर सगळ्यात धीट उत्तर दिलं ते आंध्रातल्या पालकोल्लूत १९६९ साली जन्मलेल्या यू. श्रीनिवास यांनी. कर्नाटक संगीतातले गमक वाजवायचे तर स्वर टिकायला हवा आणि तार ओढता यायला हवी. जोडतारा ओढायला जड, आणि ओढलं तरी दोन्ही सारख्या ओढल्या जातीलच असं नाही. श्रीनिवास यांनी भरीव लाकडाचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं, जोड्यांच्या जागी एकेक तार ठेवली आणि पुढे पाच तारांचं वाद्य वाजवलं. त्या वाद्याला पोकळ पेटीच नव्हती, सारा भार पिकअप आणि अँप्लिफायरवर. तरी त्यांच्या वाजवण्याला कुणी नकली म्हटलं नाही. मींड आणि गमक हाच तुमच्या वादनाचा गाभा असेल, तर पुढचं सगळं वाचण्याआधी हा रस्ता विचारात घ्या. भरीव इलेक्ट्रिक मँडोलिन कमी पैशात मिळू शकतं आणि स्टेजवर त्रासही कमी देतं. पण जुन्या गाण्यातल्या त्या किणकिणत्या जोडतारा हव्या असतील तर पोकळ पेटीला पर्याय नाही. मग फीडबॅकशी सामना आलाच.

फीडबॅक म्हणजे स्पीकरची शिट्टी किंवा घुमणं. स्पीकरचा आवाज मँडोलिनच्या पेटीवर आदळतो, तबली थरथरते, पिकअप ती थरथर स्वर समजून पुन्हा स्पीकरकडे पाठवतो आणि हे चक्र फुगत जातं. तबली जितकी हलकी आणि जिवंत, तितकी ती लवकर पेटते. उत्तम मँडोलिनची तबली अखंड स्प्रूस लाकडातून कोरून काढलेली असते. ती किंचितशा धक्क्यानेही बोलते आणि त्यासाठीच तिचे पैसे मोजायचे असतात. स्वस्त वाद्याची तबली थर चिकटवलेल्या प्लायची, साच्यात दाबून फुगवलेली. ती मंद असते, खोलीत जरा बोदी वाटते. पण स्टेजवर शेजारी मॉनिटर कोकलत असताना हीच मंद तबली शांत राहते. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यातून डिसेंबरच्या कोरड्या नागपुरात दौरा गेला तर थरांचं लाकूड अखंड लाकडापेक्षा कमी फुगतं आणि कमी आक्रसतं. त्यामुळे 'सॉलिड टॉप' या शब्दांसाठी जे जादा पैसे मागितले जातात, ते निव्वळ स्टेजवाल्याने देण्याची घाई करू नये. ज्याला तेच वाद्य बैठकीतही वाजवायचं आहे त्याची गोष्ट वेगळी.

पैसा वाचवण्याची याहून सोपी जागा म्हणजे आकार. मँडोलिनचे दोन आकार प्रामुख्याने दिसतात. एक ए-आकार, थेंबासारखा साधा. दुसरा एफ-आकार, खांद्याजवळ लाकडाची वळलेली गुंडाळी आणि खाली दोन टोकं असलेला. गुंडाळीने आवाजात ऐकू येईल असा फरक पडत नाही, पण ती घडवायला कारागिराचा वेळ जातो आणि तो किमतीत दिसतो. या आकाराचा दबदबा अमेरिकेतून आला. गिब्सन कंपनीत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला एफ-५ हे मॉडेल तयार झालं. त्यातलं एक, ९ जुलै १९२३ ही सहीची तारीख असलेलं, बिल मन्रो यांच्या हाती पडलं आणि ब्लूग्रास नावाची आख्खी शैली त्यावर उभी राहिली. मन्रोंनी ते मायामीतल्या एका केशकर्तनालयात जुनंच विकत घेतलं होतं, हा तपशील मला फार आवडतो. तेव्हापासून 'खरं' मँडोलिन म्हणजे गुंडाळीवालं अशी समजूत झाली. सारख्याच किमतीचं ए आणि एफ समोर असेल तर डोळे मिटून ए घ्यावं. त्याच पैशात पडदे, खुंट्या आणि जोडकाम जास्त चांगलं मिळालेलं असतं.

आता पिकअप, म्हणजे या खरेदीचा खरा मुद्दा. कमी किमतीच्या वाद्यांत दोन जाती भेटतात.

पहिली जात चुंबकीय, इलेक्ट्रिक गिटारमध्ये असते तीच. दांडी संपते तिथे तारांखाली बसवलेली पट्टी. इबानेझचं एम५१०ई हे ए-आकाराचं मँडोलिन याच जातीचं. त्यावर आवाज आणि टोन अशा दोन गोल बटणांपलीकडे काही नाही. चुंबकीय पिकअप पोलादाची हालचाल ओळखतो, लाकडाची फारशी नाही. म्हणून फीडबॅक कमी, बॅटरीची गरज नाही, आणि नेहमीच्या गिटार अँपला जोडलं की काम सुरू. आवाज मात्र गिटारकडे झुकणारा, गोलसर. आणखी एक खोच दुकानदार सहसा सांगत नाही. मँडोलिनच्या खालच्या दोन जोड्यांवर बहुधा फॉस्फर ब्राँझची तार गुंडाळलेली असते. ब्राँझला चुंबक ओळखत नाही. पिकअपला आतली बारीक पोलादी तार तेवढी कळते. परिणामी वरच्या साध्या पोलादी तारा ओरडतात आणि खालच्या कुजबुजतात. निकेल गुंडाळलेल्या तारा चढवल्या की हा तोल बराच सुधारतो. चुंबकीय पिकअपचं वाद्य दुकानात असमतोल वाटलं म्हणून नाकारण्याआधी त्यावर कुठल्या तारा आहेत ते बघा. दुसरा धोका गुणगुणण्याचा. स्टेजवरच्या दिव्यांचे डिमर आणि एकेरी गुंडाळीचा पिकअप यांचं पटत नाही. जागा बदलून, जरा वळून बसल्यावर गुणगुण कमी होते.

दुसरी जात पायझो. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत विद्युतभार तयार होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. त्याच तत्त्वावरची छोटी पट्टी किंवा चकती घोडीत, घोडीखाली किंवा पेटीच्या आत चिकटवलेली असते. तारेची थरथर घोडीतून येताना दाब बदलतो आणि त्या दाबाची वीज होते. मँडोलिनचा किणकिणाट पायझोत जास्त खरा येतो. पण नखीचा खरखराटही येतो, आणि जोरात वाजवलं की एक प्रकारचा प्लास्टिकी 'टॅक' ऐकू येतो. स्वस्त वाद्यात बहुधा पायझोबरोबर कडेला चौकोनी भोक पाडून प्रीअँपचा, म्हणजे पिकअपचा बारीक आवाज मिक्सरआधी वाढवणाऱ्या यंत्रणेचा, डबा बसवलेला असतो, त्यात बास, ट्रेबल, कधी ट्यूनरही. हा डबा सोयीचा असला तरी तो आतून बिघडला की त्या मापाचा दुसरा मिळेलच याची खात्री नसते, आणि कडेचं भोक कायमचं.

म्हणून माझा कल तिसऱ्या रस्त्याकडे आहे. पिकअप नसलेलं, नीट बांधलेलं साधं ए-आकाराचं मँडोलिन घ्यावं आणि त्यावर पायझो वेगळा बसवून घ्यावा. कमानदार तबलीच्या मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती जागेवर बसते. त्यामुळे आख्खी घोडी बदलून पायझो आत बसवलेली घोडी लावता येते. फिशमनची एम-१०० ही अशीच घोडी आहे. के अँड केसारख्या कंपन्यांच्या चकत्या पेटीच्या आतून चिकटवता येतात. पुढे वाद्य बदललं तरी घोडी नव्या वाद्यावर नेता येते, फक्त तिचे पाय नव्या तबलीच्या उतारावर घासून बसवावे लागतात. हे काम हळुवार हाताचं आहे. घोडी आणि तबली यांच्यात कागद सरकेल इतकी फट राहिली तरी आवाज दुबळा होतो.

पायझो घेतला की अनेकांचा हिरमोड पहिल्याच कार्यक्रमात होतो: आवाज पातळ, पत्र्यासारखा, खालच्या जोड्या गायब. दोष वाद्याला दिला जातो. चूक जोडणीत असते. पायझो विजेच्या दृष्टीने एखाद्या बारीक कपॅसिटरसारखा वागतो. त्याची धारिता १ नॅनोफॅरॅड धरू. तो मिक्सरच्या नेहमीच्या १०,००० ओहमच्या लाइन इनपुटमध्ये थेट घातला, तर साधारण १६,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, आणि जितका स्वर खालचा तितकं जास्त. म्हणजे सगळंच मँडोलिन त्या उतारावर. १० लाख ओहमचा इनपुट दिला तर हीच सीमा १६० हर्ट्झवर येते, सगळ्यात खालच्या १९६ हर्ट्झच्या तारेच्याही खाली, आणि आवाज भरून येतो. फरक वाद्यात काडीचाही नाही. वाद्य मिक्सरला जोडायला मांडवात सापडणारा साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स इथे उपयोगाचा नाही. त्याचा इनपुट बहुधा लाख-दीड लाख ओहमच्या आसपास असतो. ॲक्टिव्ह डीआय किंवा छोटा अकूस्टिक प्रीअँप हवा, ज्यावर निदान १० लाख ओहम लिहिलेलं असेल, शक्य तर त्याहून जास्त. वाद्याच्या आतच प्रीअँप असेल तर हा प्रश्न सुटलेला असतो. मग कुठलाही डीआय चालतो. प्रीअँप नसलेल्या पायझोपासून डीआयपर्यंतची केबल मात्र लांब नको, तीन-चार मीटर बस झाली.

या सगळ्यात एक भाग असा आहे की तिथे स्वस्तपणा कुठल्याच पिकअपने झाकला जात नाही: सूर. जोडीतली एक तार ४४० वर आणि दुसरी ४४२ वर असेल तर दर सेकंदाला दोन वेळा आवाज हेलकावतो. खोलीत याला गोडवाही म्हणता येईल, पण स्पीकरमधून आणि कीबोर्डच्या पक्क्या सुराशेजारी तो बेसूरपणाच वाटतो. खुंट्या फिरवताना अडकून एकदम सुटत असतील, तार 'टिक' असा आवाज करून नटच्या खाचेतून सरकत असेल, तर ते वाद्य गाण्यागणिक सूर लावायला लावणार. खाच घासून मोठी करता येते, पडदे पातळीत आणता येतात, तारांची उंची कमी करता येते. बाराव्या पडद्यावर ती दीड ते दोन मिलिमीटर असावी. हे काम गिटार दुरुस्त करणारा चांगला कारागीर करून देतो. वाकलेली दांडी मात्र घेऊ नका. तिच्यात आतून घातलेला, दांडी सरळ ठेवणारा ट्रस रॉड आहे का ते विचारा, आणि डोळ्याजवळ धरून दांडीच्या कडेने नजर फिरवा.

कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या भारतीय कंपन्यांची मँडोलिनं अनेक वर्षं शिकाऊ वादकांच्या हातात दिसतात. मुंबईत धोबी तलावावर जेर महालात फुर्टाडोज आहे, तिथे आयात केलेली वाद्यंही बघायला मिळतात. कुठेही जा, पण अँपला जोडून वाजवल्याशिवाय घेऊ नका. आपली केबल आणि आपला ट्यूनर बरोबर न्या. अँपवरच्या बास-ट्रेबलच्या कळा मध्यावर ठेवा. विक्रेत्याने आधीच गोड करून ठेवलेला टोन मोडला पाहिजे. मग चारही जोड्या सारख्या जोराने छेडा. एखादी जोडी दबत असेल आणि पायझो पट्टी घोडीखाली असेल तर घोडीचा तळ सपाट नसण्याची शक्यता जास्त. हा दोष घासून जातो, किंमत कमी करून मागायला मात्र उपयोगी आहे. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर जुळवून बघा. जुळत नसेल तर घोडी सरकली आहे, आणि ती जागेवर आणणं पाच मिनिटांचं काम आहे. त्यासाठी वाद्य नाकारू नका. जॅकमध्ये पिन घालून हळूच हलवा, खरखर आली तर दुसरा नग मागा. शेवटी आवाज कार्यक्रमाला लागेल एवढा वाढवा आणि अँपसमोर उभे राहा. दुकानदार नाराज होईल. होऊ द्या.

पैशांची वाटणी कशी करावी? समजा हातात २५,००० रुपये आहेत. मी सगळे वाद्यावर घालणार नाही. पिकअपसकट वाद्यावर १६-१७ हजार, कारागिराकडून पडदे-नट-घोडी ठीक करून घ्यायला दोन हजार, चार-पाच हजारांचा प्रीअँप किंवा ॲक्टिव्ह डीआय, आणि उरलेल्यात दोन चांगल्या केबल आणि तारांचे दोन-तीन संच. दहा हजारच असतील तर साधं मँडोलिन आणि चिकटवायची चकती घ्या, पण प्रीअँप उसना का होईना मिळवा. उलट, कार्यक्रम म्हणजे शंभर माणसांची बैठक आणि साथीला तबलाच असेल, तर पिकअपचा नाद सोडा. चांगलं अकूस्टिक वाद्य घ्या आणि समोर एक डायनॅमिक माइक. शुअरचा एसएम५७ १९६५ पासून हेच काम करतो आहे.

जुनं वाद्य घेण्यात कमीपणा नाही, स्वस्त पडतं आणि लाकूड बसलेलं असतं. फक्त दोन जागा बघा. तबली घोडीखाली खचली आहे का, आणि दांडी पेटीला मिळते तिथे फट आहे का. ७०-८० किलोंचा ताण वर्षानुवर्षं सोसणाऱ्या वाद्यात आधी याच जागा हार मानतात. पिकअप मेलेला असेल तर हरकत नाही, तो बदलता येतो. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

साउंड चेकला साउंडवाल्याला दोनच गोष्टी सांगा. १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाक, मँडोलिनचा सगळ्यात खालचा स्वरच १९६ वर आहे. तिथे फक्त पेटीचं घुमणं आणि स्टेजचे धक्के असतात. आणि पायझो असेल तर २,००० हर्ट्झच्या आसपास जरा उतरव, नखीचा खरखराट तिथेच कुठेतरी असतो. प्रीअँपवर फेजचं बटण असेल तर घुमायला लागल्यावर आधी ते दाबून बघा, मग आवाज कमी करा. आणि आत ९ व्होल्टची बॅटरी असेल तर कार्यक्रम संपताच पिन उपसून ठेवा: बऱ्याच वाद्यांत जॅकमध्ये पिन गेली की प्रीअँप चालू होतो, आणि रात्रभर पिन तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात बॅटरी मध्येच मान टाकू शकते.